सीनेच्या दरडीतला दात, आणि सोलापुरात आदिमानवाची हाडं का मिळत नाहीत

मोहोळकडच्या एका मुलीनं, जिऑलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे ती, मला सीना नदीच्या दरडीतून निघालेल्या एका दाताचा फोटो पाठवला आणि खाली तीन प्रश्न लिहिले. सर हा माणसाचा दात आहे का, आफ्रिकेत लाखो वर्षांपूर्वीच्या माणसांची हाडं सापडतात मग आपल्या सोलापुरात का नाही, आणि जंगल संपून गवताळ मैदान झालं म्हणून माणूस दोन पायांवर उभा राहिला असं पुस्तकात आहे ते नुसत्या हाडांवरनं कसं कळतं. भीमा-सीनेच्या काठानं दगड आणि हाडं बघत मी पंचवीसेक वर्षं हिंडलोय, पण इतके नेमके प्रश्न फार कमी वेळा आले, म्हणून जरा लांबच उत्तर देतो.

आधी दाताचं. माणसाचा नाही. फोटोत दात उंच आहे, खांबासारखा, आणि चावायच्या बाजूला चंद्रकोरीसारख्या इनॅमलच्या, म्हणजे दाताच्या टणक कवचाच्या, रेषा दिसतायत, म्हणजे हा गवत खाणारा प्राणी, गाय-म्हैस-जंगली बैल या कुळातला. माणसाची दाढ बुटकी असते आणि वर चार-पाच गोलसर उंचवटे असतात, आरशात स्वतःची बघ म्हणजे एकदाच कायमचं लक्षात राहील. आता गाय की म्हैस की रानटी बैल हे फोटोवरनं मी सांगणार नाही, आणि किती जुना ते तर मुळीच नाही. तू लिहिलंयस की दात दगडासारखा जड झालाय, टिचकी मारली की खणखण वाजतो, म्हणून लाखो वर्षांचा असणार. तसं धरून चालू नकोस. आपल्या मातीत चुनखड इतकी आहे की हाडात-दातात चुना लवकर भरतो, त्यामुळं जड म्हणजे अतिप्राचीन असं होत नाही. वय ठरतं ते दात कुठल्या थरातून आला त्यावर.

आणि इथंच दुसरा प्रश्न येतो.

आपण बसलोय कशावर? काळ्या दगडावर. सोलापूरच्या खाली बसाल्टचे थरावर थर आहेत, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा वाहिला त्याचे. इथियोपिया, केनिया, टांझानियातली जी सगळी नावाजलेली ठिकाणं, तीसुद्धा ज्वालामुखीचाच मुलूख. मग फरक कुठं पडला? आपला ज्वालामुखी माणूस यायच्या कोट्यवधी वर्षं आधीच थंड झाला, आणि तिकडचे ज्वालामुखी माणसाचे पूर्वज तिथं हिंडत होते तेव्हाही राख टाकत होते. ती राख म्हणजे घड्याळ. राखेतल्या खनिजात पोटॅशियम असतं, त्यातल्या किरणोत्सारी पोटॅशियमचा ठरलेल्या वेगानं आर्गॉन वायू होतो, तो किती साठला ते मोजलं की राख कधी पडली ते कळतं. हाडाच्या खालच्या राखेचं वय काढायचं, वरच्या राखेचं काढायचं, हाड त्या दोन्हीच्या मधलं. साधं आहे पण त्याला राख पाहिजे.

दुसरं म्हणजे तिथं जमीन फाटतेय, मधला भाग खचतोय, तिथं तळी झाली, गाळ साचत गेला, हाडं पटकन पुरली गेली आणि पुढं जमीन उचलली जाऊन पाण्यानं कापली गेली तशी ती परत उघडी पडली. हाड मिळायला पुरणं पण लागतं आणि उघडं पडणं पण लागतं. आपल्या नद्यांचं तसं नाही. सीना उन्हाळ्यात कोरडी, पावसाळ्यात अचानक पूर, गोटे गडगडत येतात, त्यात हाडाचा चुरा होतो. दात टिकतो कारण इनॅमल शरीरातला सगळ्यात कठीण भाग. म्हणून तुला दातच मिळाला, कवटी नाही मिळाली.

काळ्या मातीचं आणखी एक आहे, ते शेतकऱ्याला सांगायला नको. उन्हाळ्यात ती हात जाईल एवढी भेगाळते, पावसात फुगते, दरवर्षी हे चालू. वरची वस्तू भेगेतून खाली जाते, खालचा दगड फुगण्यानं वर येतो. त्यामुळं काळ्या रानात वीतभर खाली मिळालं म्हणून जुनं असं म्हणता येत नाही, मी नांगराच्या तासात आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडीशेजारी बांगडीचा तुकडा बघितलाय.

आता हाडं नाहीत म्हणजे माणूस नव्हता का? होता. याबद्दल मला शंका नाही, कारण त्याची दगडी हत्यारं आहेत. गुलबर्ग्याच्या पलीकडं सुरपूरच्या भागात हुणसगी म्हणून खोरं आहे, पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या के. पद्दय्या यांनी तिथं अख्खी हयात घातली. त्यातल्या इसामपूरला चुनखडकाच्या लाद्या फोडून हातकुऱ्हाडी बनवायचा कारखानाच सापडला, आणि तिथल्या प्राण्यांच्या दातांच्या इनॅमलवरनं वय निघालं सुमारे १२ लाख वर्षं. तामिळनाडूत अत्तिरम्पाक्कमला शांती पप्पू आणि कुमार अखिलेश यांच्या कामातून हातकुऱ्हाडी किमान १० लाख, बहुतेक १५ लाख वर्षांपर्यंत मागं गेल्या. आपल्याच भीमेच्या खोऱ्यात कुकडी नदीवर बोरी आहे, पुणे जिल्ह्यात, तिथं ज्वालामुखीची राख आणि हत्यारं एकाच ठिकाणी मिळाली. आपल्याला पण घड्याळ मिळालं म्हणून सगळे खूश झाले, पण त्या राखेचं वय एकानं १४ लाख काढलं, दुसऱ्यानं पावणेसात लाखाच्या आसपास, आणि नंतर तिच्या रासायनिक ठेवणीवरनं ती सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची, म्हणजे फक्त ७४-७५ हजार वर्षांपूर्वीची, असं सांगणारे पुढं आले. एका वीतभर राखेवर इतका वाद. मला टोबावाल्यांचं म्हणणं जास्त पटतं, कारण भारतातल्या बाकीच्या राखांशी ती जुळते, पण मग तिच्याजवळची हत्यारं तेवढीच तरुण मानायची की ती जुन्या थरातून वाहून येऊन तिथं बसली, हा प्रश्न उरतोच.

हुणसगीचं मला सगळ्यात आवडतं ते वेगळंच. पद्दय्यांनी नुसती हत्यारं मोजली नाहीत, ती खोऱ्यात कुठं कुठं पडलीत ते बघितलं आणि मांडणी केली की उन्हाळ्यात जिवंत झऱ्यांजवळ माणसं एकत्र येत असणार आणि पावसाळ्यात सगळीकडं पाणी झालं की छोट्या छोट्या टोळ्यांनी पांगत असणार. आपल्याकडचे धनगर मेंढरं घेऊन पाण्याच्या आणि चाऱ्याच्या हिशोबानं फिरतात, तसंच काहीसं. पर्यावरणाशी जुळवून घेणं म्हणजे फक्त शरीर बदलणं असं नसतं हे मला तिथं उमगलं.

भारतात खऱ्या अर्थानं जुन्या माणसाची कवटी एकच. नर्मदेच्या काठी हथनोरा, मध्य प्रदेश, ५ डिसेंबर १९८२, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणचे अरुण सोनकिया. कवटीचा वरचा भाग, त्यातही मुख्यतः उजवी बाजू. आधी होमो इरेक्टस, म्हणजे माणसाची एक जुनी जात, म्हटलं, मग मेंदूचा अंदाज ११५५ ते १४२१ घनसेंटीमीटर आला, इरेक्टसला तो जरा जास्तच होतो, म्हणून बरेच जण तिला आपल्याच जवळच्या पण जुनाट वळणाच्या माणसात धरतात. ती गोट्यांच्या थरात होती, म्हणजे नदीनं कुठून तरी आणून टाकलेली, त्यामुळं वयावर वाद आहे, अडीच लाख वर्षांच्या आसपास किंवा त्याहून जुनी असं धरतात. एवढ्या मोठ्या देशात एवढी एकच कवटी, म्हणून प्रत्येक दरड महत्त्वाची, तुझी सीनेची सुद्धा.

एक इशारा देऊन ठेवतो. आपल्याकडं नदीकाठच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीत, कधी कधी पूर्ण सांगाडे निघतात आणि लगेच आदिमानव सापडला म्हणून मोबाईलवर फिरतं. ते बहुतेक शेतकरी समाजाचे असतात. घोड नदीवरच्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं खणलं तेव्हा दोनशेच्या वर दफनं निघाली, लहान मुलं दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात घराच्या जमिनीखाली पुरलेली. पण तो काळ इसवी सनापूर्वी १६०० ते ७००. फार मोलाचं काम आहे ते, फक्त उत्क्रांतीच्या हिशोबात ते अगदी कालचं झालं.

आता तिसरा प्रश्न, जंगल संपलं म्हणून माणूस उभा राहिला. हे मलाही असंच शिकवलं होतं आणि ते आता जसंच्या तसं टिकत नाही. इथियोपियात अरामिस इथं १९९४ पासून आर्डीची, म्हणजे आर्डिपिथेकस या माणसाच्या जुन्या नातेवाईक जातीतल्या एका मादीची, हाडं मिळायला लागली, ४४ लाख वर्षांपूर्वीची, पण इतकी भुसभुशीत की सगळं नीट करून टिम व्हाइट आणि बाकीच्यांनी प्रसिद्ध करेपर्यंत २००९ साल उजाडलं. तिच्या पायाचा अंगठा हाताच्या अंगठ्यासारखा बाजूला फाकलेला, म्हणजे फांदी धरायला, पण कंबरेच्या हाडाचा वरचा भाग बुटका आणि रुंद, म्हणजे जमिनीवर दोन पायांनी चालताही येत होतं. आणि तिच्यासोबत काय मिळालं, तर झाडावरची माकडं, झाडोऱ्यात राहणारी हरणं, झाडांच्या बिया. म्हणजे झाडी होती आणि तरी ती उभी होती. काही संशोधकांनी त्याच ठिकाणच्या मातीवरनं तिथं गवतही भरपूर होतं असं म्हटलं, तो वाद मिटलेला नाही, पण उघडं माळरान आणि त्यावर उभा राहिलेला माणूस हे चित्र मात्र गेलं. चाडच्या वाळवंटात २००१ साली मिळालेली तुमाई नावाची कवटी ७० लाख वर्षांपूर्वीची, तिच्या आसपास मासे आणि मगरींची हाडं आहेत. आज जिथं वाळूशिवाय काही नाही तिथं तेव्हा तळं होतं.

मग ल्युसी नावाचा सांगाडा, इथियोपियातलं हदार, १९७४, ३२ लाख वर्षं. साडेतीन फूट उंची, मेंदू चिंपांझीपेक्षा थोडाच मोठा, पण मांडीचं हाड गुडघ्याकडं आत कललेलं. चालताना आपला एक पाय उचलला जातो तेव्हा सगळं वजन दुसऱ्या एकट्या पायावर येतं, तो पाय शरीराच्या मधोमध आला नाही तर माणूस झोकांड्या खातो, त्यासाठी हा कल लागतो. त्याचवेळी तिची बोटं वाकडी, झाडावर चढायला बरी. आणि लाएटोलीला, टांझानियात, मेरी लीकीच्या गटाला १९७८ साली ३६ लाख ६० हजार वर्षांपूर्वीच्या राखेत पावलांचे ठसे मिळाले, सत्तावीसेक मीटर लांब. राख पडली, वरनं रिमझिम पाऊस झाला, थेंबांचे खड्डे पण दिसतात, त्या ओल्या राखेतून दोघं-तिघं चालत गेली आणि मग ती राख सिमेंटसारखी घट्ट झाली. टाच आधी टेकलेली, अंगठा बाकीच्या बोटांच्या रांगेत. हाडावरनं चालण्याचा अंदाज बांधावा लागतो, इथं प्रत्यक्ष चालणंच आहे. पाय आधी आले, मोठा मेंदू त्यानंतर निदान १५ लाख वर्षांनी, हा क्रम यातनं पक्का झाला.

आता पर्यावरण हाडांवरनं कसं कळतं ते सांगतो, आणि त्यासाठी तुझ्या ताटातली भाकरी घे. झाडं हवेतला कार्बन घेतात, त्यात थोडासा जड कार्बन असतो, कार्बन-१३ म्हणतात तो. ज्वारी, बाजरी, ऊस, मका आणि आपल्या माळावरची बरीचशी गवतं, यांची अन्न तयार करायची पद्धत उन्हाळी आणि कोरड्या मुलखाला सोयीची, तिला सी-४ म्हणतात, आणि यांच्यात जड कार्बन जास्त राहतो. गहू, तांदूळ, तूर, हरभरा, शेंगदाणा आणि जवळजवळ सगळी झाडं-झुडपं सी-३, त्यांच्यात कमी. तू लहान असताना जे खाल्लंस त्यातला कार्बन तुझ्या दाताच्या इनॅमलमध्ये बसला आणि तो आता बदलणार नाही. म्हणजे मंगळवेढ्याची ज्वारी खाऊन वाढलेल्या पोराचा दात आणि कोकणात भात खाऊन वाढलेल्या पोराचा दात कार्बन मोजायच्या यंत्रात घातला तर कोण कुठला ते बऱ्यापैकी सांगता येईल. हेच ४० लाख वर्षांपूर्वीच्या दाताला लागू पडतं.

आणि त्यातनं काय निघालं बघ. आर्डी मुख्यतः सी-३, म्हणजे झाडाची फळं-पानं. ल्युसीच्या जातीत मात्र कुणी जवळजवळ नुसतं झाडांचं खाणारा तर कुणी निम्म्याहून जास्त गवताळ रानातलं खाणारा, एकाच जातीत एवढी तफावत. म्हणजे जे मिळेल ते खायची सवय लागली होती. आणि तो दणकट जबड्याचा पॅरान्थ्रोपस बॉयसाय, माणसाचा एक नामशेष भाऊबंद, मेरी लीकीला १९५९ साली टांझानियातल्या ओल्डुवायला मिळाला, त्याच्या दाढा एवढ्या मोठ्या की त्याला टणक फळं फोडणारा म्हणून टोपणनावच पडलं, पन्नास वर्षं सगळे तेच म्हणत होते. दात यंत्रात घातले तर तीन-चतुर्थांशापेक्षा जास्त आहार सी-४ निघाला, म्हणजे गवतं आणि पाणथळीतले लव्हाळे. दाढा टणक फोडायला नव्हत्या, दिवसभर चरत राहायला होत्या. दाढेचा आकार बघून मी स्वतः विद्यार्थ्यांना जुनीच गोष्ट सांगत आलो होतो, ते आकडे वाचल्यावर मला माझी टिपणं बदलावी लागली. एक मर्यादा मात्र लक्षात ठेव, गवत खाल्लं की गवत खाणारा प्राणी खाल्ला हे कार्बन सांगत नाही. त्यासाठी हाडावरच्या कापल्याच्या खुणा बघाव्या लागतात, दातावरचे सूक्ष्म ओरखडे बघावे लागतात.

उन्हाचं पण सांगतो, सोलापूरकराला ते लवकर कळेल. तापलेला चहा पेल्यात गरम राहतो आणि बशीत ओतला की निवतो, चहा तेवढाच, पसरला म्हणून निवला. शरीराचं तसंच, लांब हातपाय आणि उंच बांधा असेल तर वजनाच्या मानानं कातडी जास्त, उष्णता बाहेर जाते. केनियात तुर्काना सरोवराजवळ १९८४ साली कामोया किमेयू यांना कवटीचा काडेपेटीएवढा तुकडा दिसला, आणि त्यातनं १५-१६ लाख वर्षांपूर्वीच्या एका मुलाचा जवळजवळ पूर्ण सांगाडा निघाला. वय आठ-नऊ वर्षांचं आणि उंची त्यातच पाच फुटाच्या वर, पाय लांब. इरेक्टस उघड्या उन्हात लांब पल्ले चालायला बनला होता असं यावरनं म्हणतात. पण २०२० साली त्याच्या बरगड्या नव्यानं जुळवल्या तर छाती वाटली होती त्यापेक्षा रुंद आणि खोल निघाली, म्हणजे बांधा आपल्याइतका सडपातळ नव्हता. घाम तर हाडात राहत नाही. आज आपल्या अंगावर २० ते ४० लाख घामाच्या ग्रंथी आहेत, त्या कधी वाढल्या हे कुठल्याही कवटीवर लिहिलेलं नाही, तिथं आपण अंदाजच करतो आणि अंदाज आहे असं स्पष्ट सांगावं. किमेयूंचं शिक्षण फार झालेलं नव्हतं, खोदकामावर मजूर म्हणून आले होते. नजर कमवावी लागते, ती तुलाही कमावता येईल.

मेंदू मोठा झाला म्हणून माणूस आफ्रिकेबाहेर पडला, हेही असंच ढिलं पडलं. जॉर्जियातल्या दमानिसीला सुमारे १८ लाख वर्षांपूर्वीच्या पाच कवट्या आहेत, एकीत मेंदू जेमतेम ५४६ घनसेंटीमीटर, हत्यारं अगदी साधी, आणि ही मंडळी थंडी पडणाऱ्या मुलखात राहत होती. त्यातल्या एका म्हाताऱ्याचे दात मरायच्या बरीच वर्षं आधी पडलेले, हिरड्यांचं हाड भरून आलंय, तरी तो जगला. त्याला मऊ काहीतरी कुणी तरी देत असणार असं मला वाटतं, सिद्ध करता येत नाही.

आणि एक, स्पर्धा परीक्षेच्या जुन्या नोट्समध्ये रामपिथेकस हा माणसाचा पहिला पूर्वज असं वाचशील. हिमालयाच्या पायथ्याच्या शिवालिक टेकड्यांमध्ये १९३२ साली मिळालेल्या जबड्याच्या तुकड्यावरनं ते उभं राहिलं होतं. १९८० च्या सुमाराला त्याच गटातल्या शिवापिथेकसचा पूर्ण चेहरा मिळाला आणि तो ओरांगउटानचा नातेवाईक ठरला. ते खोडून टाक.

आपल्या मुलखाचं जुनं हवामान पण असंच प्राण्यांवरनं वाचायचं. चाळीसगाव तालुक्यात पाटणे इथं एस. ए. साळींना सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीच्या थरात शहामृगाच्या अंड्याची कवचं मिळाली, एकावर रेघांची नक्षी कोरलेली. महाराष्ट्रात शहामृग! म्हणजे उघडा, कोरडा माळ होता. नान्नजला माळढोक आणि काळविटांचा माळ बघितलायस ना, तसला मुलूख हा जंगल तोडून झालेली पडीक जमीन नाही, तो फार जुना आहे आणि माणूस त्यात फार पूर्वीपासून राहतोय. शेजारच्या मांजरा खोऱ्यात हत्तीची आणि रानटी बैलाची हाडं मिळालीत, म्हणजे मधूनमधून ओल्या काळात पाणी आणि चारा भरपूर असणार. तुझा दात या गोष्टीत बसेल, जर थर नीट कळला तर.

म्हणून आता काय करायचं ते. दात जिथनं काढलास ती जागा सापडेल का बघ, आणि पुढचं काही निघालं तर हात लावू नकोस. दरडीचा फोटो लांबनं, जवळनं, शेजारी पट्टी ठेवून. पाण्यापासून उंची, वर काळी माती किती फूट, तिच्याखाली पिवळी माती का, गोट्यांचा चिकटलेला थर कुठं सुरू होतो, आणि दात त्या गोट्यांत होता की वरच्या मातीत, सगळं वहीत. मोबाईलवरनं लोकेशन घे. दाताला चिकटलेली माती आणि चुनखड काढू नकोस, ब्रश नको, व्हिनेगर तर अजिबात नको. मी सुरुवातीच्या काळात एका ओढ्यातला जबडा उत्साहानं तारेच्या ब्रशनं घासून चकचकीत केला आणि तो कुठल्या थरातला हे सांगणारी माती माझ्याच हातानं ओढ्यात वाहून गेली, आजही तो जबडा कपाटात बघितला की वाईट वाटतं. कागदात गुंडाळ, डब्यात ठेव, वर तारीख आणि जागा लिही, कॉलेजमधल्या सरांना दाखव, आणि पुरातत्त्व विभागाला कळवायचं पत्र आपण दोघं मिळून लिहू.

पाऊस लागायच्या आत ती दरड बघायला हवी, एक पूर आला की अर्धी खाली येते. पुढच्या रविवारी सकाळी सातच्या आत नदीवर ये, ऊन चढायच्या आधी काम होईल, येताना टेप आणि वही आण, आणि ज्यांच्या रानातनं उतरायचं त्यांना आदल्या दिवशी विचारून ठेव.